मेलेला चेनसॉ वाचायचा कसा?

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षापर्यंत प्रत्येकाने टू-स्ट्रोक इंजिनाची आकृती निदान चार वेळा तरी काढलेली असते. दोनदा स्वतःच्या जर्नलमध्ये, एकदा टर्म टेस्टला आणि एकदा मित्राच्या जर्नलमध्ये! ओरलला 'ट्रान्सफर पोर्ट दाखव' म्हटलं की बोट बरोबर त्या तिरक्या रेघेवर जातं. पण खरं, तेलकट, हाताला चटका देणारं टू-स्ट्रोक इंजिन उघडून पाहिलेला विद्यार्थी आता वर्गात शोधावा लागतो. त्यात त्याचा काही दोष नाही. आपल्या आईवडिलांच्या काळात हे इंजिन दारातच उभं असायचं. बजाज, लँब्रेटा, लूना, राजदूत, येझदी सगळ्या टू-स्ट्रोक. ठाण्या-कल्याणच्या रिक्षांची ती फटफटही टू-स्ट्रोकचीच. पुढे फोर-स्ट्रोक आलं, सीएनजी आला, आता तर बॅटरी आली, आणि टू-स्ट्रोक रस्त्यावरून हळूहळू दिसेनासं झालं.

ज्याला हे इंजिन हाताने शिकायचंय, आणि शिकता शिकता एखादी जुनी वस्तू जपायचीही हौस आहे, त्याच्यासाठी जुना चेनसॉ ही फार चांगली गोष्ट आहे. आपल्याकडे याला कोणी 'कटर' म्हणतं, कोणी सरळ 'झाड कापायचं मशीन'. एका माणसाला उचलता येतो, टेबलावर मावतो, आणि त्यात क्रँककेस, पोर्ट, मॅग्नेटो, डायफ्रॅम कार्बोरेटर, सेंट्रिफ्यूगल क्लच असं अर्धं सिलॅबस भरलेलं असतं. परदेशात जुन्या चेनसॉंचे मोठमोठे संग्रह करणारी मंडळी आहेत. आपल्याकडे हा छंद अजून दुर्मिळ आहे, त्यामुळे ज्याला सापडेल त्याचं भाग्य!

पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण सगळा लेख तिच्याभोवती आहे. बंद पडलेला चेनसॉ सुरू करणं तसं अवघड नसतं. नवा प्लग, ताजं पेट्रोल, दहा वेळा दोरी, आणि बऱ्याचदा तो सुरू होतोही. इथेच घात होतो. तो मुळात कशाने मेला हे न पाहता सुरू केला, तर जे काही शिल्लक होतं ते पुढच्या पाच मिनिटांत जातं. तीस-चाळीस वर्षं टिकलेला पिस्टन आपल्या उत्साहापायी वितळतो. त्यामुळे आधी वाचायचं, मग सुरू करायचं.

थोडा इतिहास

आंद्रेआस स्टिल या जर्मन इंजिनिअरने १९२६ साली विजेवर चालणारा चेनसॉ बनवला. त्याचं वजन होतं ६४ किलो आणि तो धरायला दोन माणसं लागत. १९२७ साली एमिल लेर्प याने पेट्रोलवर चालणारा चेनसॉ थुरिंगिया भागातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर चालवून दाखवला आणि पुढे कंपनीला डोंगराचंच नाव दिलं. १९२९ साली स्टिलचाही पेट्रोलचा चेनसॉ आला, तो ४६ किलोचा. १९५० साली एका माणसाने चालवायचा १६ किलोचा, आणि १९५९ साली 'काँट्रा' नावाचा, गिअर नसलेला, १२ किलोचा. म्हणजे तेहतीस वर्षांत ६४ वरून १२! वजन कमी करण्याच्या प्रोजेक्टवर डोकं फोडणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावावेत.

चेनची गोष्ट तर फारच सुंदर आहे. सुरुवातीच्या चेनचे दात साध्या करवतीसारखे होते. ते सारखे बोथट व्हायचे. अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ साली त्याने एका ओंडक्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. अळी सरळ पुढे खात नव्हती, डावी-उजवीकडे आलटून-पालटून कुरतडत होती. कॉक्सने तसाच आलटून-पालटून डावा-उजवा वळलेला दात बनवला. आजही जगभरची चेन मुळात त्याच कल्पनेवर चालते.

आपल्या भागात सापडतो कुठे?

खरं तर आपला जिल्हा लाकडाचा. शहापूर, मुरबाड, आणि २०१४ साली पालघर जिल्ह्यात गेलेले वाडा, जव्हार, मोखाडा हे सगळे सागाचे तालुके. अंबरनाथला विमकोचा काडेपेटीचा मोठा कारखाना होता, तोही लाकडावरच चालणारा. एवढं लाकूड असूनही जुने चेनसॉ इथे थोडेच सापडतात. कारण उघड आहे. मजुरी स्वस्त होती, कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत घरोघरी होती, आणि १९९१ पूर्वी परदेशी मशीन आणायचं म्हणजे परवान्यांचं जंजाळ. त्यामुळे जे थोडे आले ते ज्यांना खरोखर गरज होती त्यांच्याकडेच आले.

म्हणून शोध तिथेच घ्यावा. लाकडाच्या वखारी, सॉ मिल, मुरबाड-बदलापूरकडची जुनी फार्महाऊस, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे झाडं तोडण्याचं काम घेणारे ठेकेदार. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात ठाणे, कल्याण, डोंबिवलीत झाडं आडवी झाली होती तेव्हा रस्ते मोकळे करायला हीच मशीनं धावली. अशा ठेकेदाराकडे नवं हलकं मशीन आलं की जुनं कोपऱ्यात जातं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मे महिन्यात, त्यांची मशीनं सर्व्हिसिंगला निघतात. तेव्हा गाठलं तर कोपऱ्यातलंही बाहेर येतं. विचारताना 'चेनसॉ आहे का?' असं विचारू नका, 'नाही' असंच उत्तर येईल. 'एखादं बंद पडलेलं कटर पडलंय का?' असं विचारा. चहा आपण पाजायचा.

दुसरी जागा अर्थातच भंगारवाले. भंगारात वस्तू वजनावर जाते, आणि इथे एक गंमत आहे. बऱ्याच चेनसॉंची बॉडी मॅग्नेशिअम मिश्रधातूची असते. अॅल्युमिनिअमची घनता २.७, मॅग्नेशिअमची १.७४. म्हणजे मशीन दिसायला दणकट आणि काट्यावर हलकं. तेव्हा भंगारवाला वजनावर द्यायला तयार असेल तर जास्त वाद घालू नका!

आता सावधगिरीची गोष्ट. आपल्याकडे 'जुना जर्मन' म्हणून जो सर्वांत जास्त दाखवला जातो तो स्टिल ०७०. १९६०च्या दशकाच्या अखेरीस आलेलं हे मॉडेल आशियात आणि दक्षिण अमेरिकेत खूप खपलं. त्याचा बोअर ५८ मिमी आणि स्ट्रोक ४० मिमी. करा गणित: पाय भागिले चार, गुणिले ५.८ चा वर्ग, गुणिले ४. उत्तर १०५.७ सीसी. म्हणजे स्कूटरएवढं इंजिन हातात धरून माणूस काम करतो. पण याच मॉडेलच्या चिनी नकला बाजारात ढिगाने आहेत, आणि मापं तीच असल्याने पार्टही एकमेकांना बसतात. रंग आणि स्टिकर पाहून फसू नका. क्रँककेसवरचा सिरियल नंबर आहे का, तो नंतर घासलाय का, कास्टिंगच्या कडा स्वच्छ आहेत का, अक्षरं साच्यातलीच आहेत का हे बघा. नकलेचा पार्ट जुन्या मशीनमध्ये घालायला माझी हरकत नाही, त्यावर अनेक जुनी मशीनं जगलीत. मात्र काढलेला मूळ पार्ट चिठ्ठी लावून डब्यात ठेवायचा, आणि पुढे मशीन कोणाला दिलंच तर तो डबाही द्यायचा.

वाचन सुरू

मशीन घरी आलं की दोरी ओढायचा मोह होतो. ओढू नका. आधी प्लग काढा आणि सायलेन्सर काढा. दोन किंवा तीन बोल्ट असतात. सायलेन्सर निघाला की एक्झॉस्ट पोर्टमधून थेट पिस्टनची बाजू दिसते. मोबाईलचा टॉर्च लावा आणि फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवत पिस्टन वरखाली करून बघा. जर्नलमधल्या आकृतीतली ती चौकोनी खिडकी हीच. डॉक्टर जसा जीभ बाहेर काढायला सांगतो तसंच हे आहे.

पिस्टन गुळगुळीत, करडा, एकसारखा दिसला तर नशीब जोरावर आहे. मशीन बहुधा इंधन किंवा करंट नसल्यामुळे बंद पडलंय. उभ्या रेघा असतील तर त्या कुठल्या बाजूला आहेत ते महत्त्वाचं. एक्झॉस्टच्या बाजूला रेघा आणि धातू सारवल्यासारखा दिसला, तर इंजिन तापून मेलंय. ऑइल कमी पडलं, किंवा मिक्सचर लीन झालं. इनटेकच्या बाजूला बारीक, कोरड्या, मातकट ओरखड्या असतील तर एअर फिल्टरमधून भुसा-धूळ आत गेलीय. फ्लायव्हील मुळी फिरतच नसेल तर पिस्टन जाम आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीच्या पाण्याने कल्याण-बदलापूर पट्ट्यातली किती मशीनं अशी गाळाने भरली असतील याचा हिशोब नाही. जाम पिस्टनवर प्लगच्या भोकातून डिझेल आणि पातळ ऑइल घालून दोन-चार दिवस सोडून द्या, रोज थोडं हलवून बघा. प्लगच्या भोकातून सळई घालून हातोडी मारणारे उस्ताद भेटतील. त्यांना लांबूनच नमस्कार करावा, कारण पिस्टनला भोक पडायला एक घाव पुरतो.

पिस्टन ठीक असेल तर प्लग परत लावून दाब बघा. गेज नसेल तर सोपी युक्ती: मशीन दोरीच्या मुठीला धरून हवेत लटकवा, जमिनीपासून वीतभरच वर. ते आपल्या वजनाने थांबत थांबत, दर फेऱ्याला अडखळत खाली आलं तर रिंगांत जीव आहे. सरळ धपकन खाली आलं तर दाब नाही.

आता मुख्य गोष्ट, जिथे बहुतेक जण चुकतात. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकचा ऑइल सील गळला तर काय होतं? जमिनीवर ऑइलचा डाग पडतो, आई ओरडते, बस्स. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप आहे. पिस्टन वर गेला की क्रँककेसमध्ये निर्वात होतं आणि कार्बोरेटरमधून मिक्सचर ओढलं जातं, खाली आला की तेच दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून वर जातं. या पंपाला कुठेही भोक असेल, म्हणजे कडक झालेला ऑइल सील, फाटलेलं पॅकिंग, तडा गेलेला रबरी इनटेक, तर निर्वाताच्या वेळी तिथून नुसती हवा आत येते. मिक्सचर लीन होतं. लीन मिक्सचर जास्त गरम जळतं, हे झालं एक. पण टू-स्ट्रोकमध्ये वंगणही पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. म्हणजे ज्या क्षणी इंजिन सर्वांत जास्त तापतं, त्याच क्षणी त्याला वंगण सर्वांत कमी मिळतं! आणि वाईट म्हणजे अशा वेळी मशीन उलट जोरात, तरतरीत पळतं. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय पिकअप आहे. अर्ध्या मिनिटात ते सीज होतं.

वर्षानुवर्षं कोरडं पडलेल्या मशीनचे सील कडक झालेले असणारच. म्हणून प्रेशर टेस्ट न करता सुरू करू नये असं माझं ठाम मत आहे. वर्कशॉपमध्ये महागडं उपकरण नसलं तरी चालतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही बंद करा, वर पत्र्याची पट्टी ठेवून बोल्टने आवळा. प्लगच्या भोकात नळी बसवा आणि तिला जुन्या बीपी मशीनचा रबरी फुगा जोडा. त्याचा काटा ३०० मिमी पाऱ्यापर्यंत जातो, म्हणजे साधारण ०.४ बार, नेमका आपल्याला हवा तेवढाच. याहून जास्त हवा भरली तर सील जागेवरून उडतो. पिस्टन खाली ठेवायचा म्हणजे ट्रान्सफर उघडे राहतात. काटा स्थिर राहिला तर छान. पडत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. आणि दाबाची टेस्ट पास झाली तरी निर्वाताची टेस्ट करायचीच, कारण काही सीलची ओठासारखी कडा आतून दाब आला की घट्ट बसते आणि निर्वात झालं की सुटते. यासाठी थर्मलच्या लॅबमधला हातपंप मागून बघा. लॅब असिस्टंट काका नीट विचारलं तर देतात.

सील मिळवणं मात्र सोपं. सीलच्या अंगावर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी हे तीन आकडे छापलेले असतात. तेवढे घेऊन स्टेशनजवळच्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जा. स्कूटर-रिक्षाच्या ढिगातून बऱ्याचदा तोच आकार निघतो.

बोअर करून आणू नका!

सिलिंडरवर रेघा असल्या की मित्र सांगतो, 'अरे, एमआयडीसीत टाक, बोअर करून देतील, ओव्हरसाईज पिस्टन घाल.' रिक्षाच्या बिडाच्या ब्लॉकला हे अगदी बरोबर होतं. चेनसॉचा सिलिंडर मात्र बहुधा अॅल्युमिनिअमचा असतो आणि आतून त्याला क्रोमचा अगदी पातळ, कठीण थर दिलेला असतो. लेथवर तो थर गेला की खाली मऊ अॅल्युमिनिअम, आणि अॅल्युमिनिअमवर अॅल्युमिनिअमचा पिस्टन म्हणजे काय होणार ते टूलरूमच्या सरांना विचारा. आपल्या वागळे इस्टेटमध्ये आणि डोंबिवली एमआयडीसीत हात सोन्याचे असलेले लेथवाले आहेत, पण ब्लॉक हातात देताना 'आतून क्रोम आहे, कापायचा नाही' हे आधी सांगावं लागतं.

बऱ्याचदा ज्या रेघा दिसतात त्या सिलिंडरला पडलेल्या नसतातच, पिस्टनचं अॅल्युमिनिअम क्रोमवर चिकटलेलं असतं. ते बारीक पॉलिश पेपरने, हाताने, धीराने निघतं. नख फिरवून बघायचं. नख अडकलं तर खरा ओरखडा, क्रोम गेलं. मग ब्लॉक बदलणं किंवा मशीन बंद अवस्थेतच शोकेसमध्ये ठेवणं, दोन्ही चालेल. न चालणारं मशीन संग्रहात ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.

कास्टिंग साफ करतानाही असंच. कॉस्टिक सोड्याने अॅल्युमिनिअम खाल्लं जातं, अॅसिडने मॅग्नेशिअम. आपल्या खाडीच्या दमट हवेत मॅग्नेशिअमवर पांढरी पूड धरतेच. ती रॉकेल किंवा डिझेल आणि जुन्या टूथब्रशने काढायची, मग पुसून हलकं ऑइल. ग्राइंडर तर मुळीच लावायचा नाही. मॅग्नेशिअमचा बारीक कीस पेटतो, आणि पेटलेल्या मॅग्नेशिअमवर पाणी ओतलं तर हायड्रोजन निघून आग आणखी भडकते. कोरडी वाळू हाताशी ठेवा.

क्लच काढायचा असेल तर तो बहुधा उलट्या आट्यांचा असतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून जाड सुती दोरी आत सोडा, पण पिस्टनने एक्झॉस्टची खिडकी पूर्ण झाकल्यानंतरच, नाहीतर दोरी खिडकीत अडकून कातरली जाते. फ्लायव्हील पुलरनेच काढा. त्याखाली जुन्या मशीनमध्ये कॉन्टॅक्ट पॉइंट आणि कंडेन्सर सापडतील, स्कूटरसारखेच. पॉइंट साफ करून साधारण ०.३५ ते ०.४ मिमी गॅप ठेवला की बहुतेक वेळा ठिणगी येते. इग्निशनवर यापेक्षा जास्त लिहायची गरज नाही. जुना स्कूटर मेकॅनिक कुठेही भेटला तर हे काम तो बोलता बोलता करतो. पुढची काही वर्षं तरी असे लोक आहेत, त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसून घ्या.

पेट्रोल बदललंय

जुन्या पुस्तकांत न सापडणारी गोष्ट ही. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. २०२५ पर्यंत देशात हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचलं. जुन्या चेनसॉतला डायफ्रॅम, इंधनाची नळी, पॅकिंग हे सगळं इथेनॉलच्या आधीच्या काळातलं. ते फुगतं, मऊ पडतं किंवा तडकतं. चेनसॉचा कार्बोरेटर स्कूटरसारखा फ्लोटचा नसतो. झाड कापताना मशीन आडवं-उलटं होतं म्हणून त्यात फ्लोटऐवजी डायफ्रॅम असतो, आणि क्रँककेसच्याच दाबाच्या स्पंदनांवर त्याचा छोटा पंप चालतो. त्यामुळे डायफ्रॅमचं किट नवंच घालायचं, आणि इथेनॉलला टिकणारं आहे का हे विचारून घ्यायचं.

याहून धोकादायक म्हणजे पावसाळा. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी पुरेसं झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. टू-स्ट्रोकचं ऑइल वर पेट्रोलमध्येच राहतं. आणि चेनसॉची इंधन ओढणारी नळी कुठे असते? तळाशी! म्हणजे जून महिन्यात भरून ठेवलेल्या टाकीतून ऑगस्टमध्ये इंजिनाला मिळतं ते वंगण नसलेलं इंधन. म्हणून लागेल तेवढंच मिक्सचर करायचं. जुन्या मशीनला मी एकास पंचवीस देतो, म्हणजे एक लिटरला ४० मिली चांगलं टू-स्ट्रोक ऑइल. चालवून झालं की टाकी रिकामी करायची आणि उरलेलं कार्बोरेटरमधलं जळून मशीन आपोआप बंद होईपर्यंत आयडलवर सोडायचं.

सुरू करण्याआधी हातांचा विचार

एक गणित करू. चेनची पिच म्हणजे सलग तीन रिव्हेटमधल्या अंतराचा अर्धा भाग. ०७० ची चेन ०.४०४ इंच पिचची. समजा स्प्रॉकेटला सात दात आहेत. एका फेऱ्यात सात ड्राइव्ह लिंक पुढे जातात, म्हणजे ७ गुणिले २ गुणिले ०.४०४ बरोबर ५.६५६ इंच, सुमारे १४४ मिमी. समजा ७००० आरपीएम. सेकंदाला साधारण १७ मीटर चेन जाते, ताशी ६० किलोमीटर! नितीन कंपनीच्या पुलावरून जाणाऱ्या गाडीचा हा वेग, आणि त्याला दात आहेत.

बारच्या टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला लागला तर चेन अडकते आणि सगळा जोर बार वर, तोंडाकडे फेकण्यात जातो. यालाच किकबॅक म्हणतात. आजच्या मशीनला पुढे हँडगार्ड आणि चेनब्रेक असतो, सेकंदाच्या छोट्या अंशात चेन थांबते. असे ब्रेक १९७०च्या दशकात आले. आपल्या हाती लागणाऱ्या जुन्या मशीनला तो बहुधा नसतोच. कंपन शोषणारे रबरही नसतात. अशा मशीनवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या बोटांतलं रक्ताभिसरण बिघडून बोटं पांढरी पडायची, तो आजार वैद्यकशास्त्रात नोंदलेला आहे.

त्यामुळे माझा नियम असा. पहिल्यांदा सुरू करताना चेन आणि बार काढून ठेवायचे, कव्हर लावायचं, मशीन जमिनीवर पायाने दाबून धरायचं आणि फक्त आयडलवर अर्धा-एक मिनिट चालवायचं. भार नसताना रेस द्यायची नाही, इंजिन मर्यादेबाहेर पळतं. उघड्यावरच, कारण धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. आणि हॉस्टेलच्या मागच्या अंगणात रात्री तर नाहीच. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, रेक्टर सरांचा त्याहून वर! कान झाकायचे, डोळ्यांवर चष्मा, पायात बूट. आयडलवर चेन लावल्यावर ती हलता कामा नये. हलत असेल तर क्लचचे स्प्रिंग ढिले झालेत, ते बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही. मिक्सचर सुरुवातीला थोडं रिच ठेवायचं, किंचित धूर आला तरी चालेल.

लाकडावर एकदा चालवून बघायचंच असेल तर वखारीतला पडलेला ओंडका घ्या, तो नीट टेकवा, आणि शेजारी हे काम रोज करणारा माणूस असू द्या. उभ्या झाडाला हात लावायचा नाही. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात, स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. चेनला धार ५.५ मिमीच्या गोल कानशीने, प्रत्येक दाताला सारखेच फेरे.

रंगाबद्दल दोन शब्द. मशीन चालू झालं की त्याला स्प्रे मारून चकचकीत करायची घाई होते. संग्राहक म्हणून मी याच्या विरुद्ध आहे. मुठीजवळ रंग उडालेला असतो तो कोणाच्या तरी तळहाताने. वखारीचं नाव, एखादा मशीन नंबर ऑइलपेंटने लिहिलेला असतो. हे सगळं एकदा गेलं की परत येत नाही. नव्या रंगाचा डबा कधीही मिळतो.

त्याऐवजी एक साधी वही करा. मशीन कोणाकडून आलं, कुठल्या कामाला वापरलं, उघडलं तेव्हा पिस्टनची कुठली बाजू खराब होती, कुठले सील घातले आणि त्यांचे तीन आकडे, पॉइंटचा गॅप, दाबाच्या टेस्टला काटा किती वेळ टिकला. फोटो काढून प्रिंट चिकटवा. मशीन ठेवताना प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून दोरी दोनदा हळू ओढा, मग पिस्टन वर आणून ठेवा म्हणजे एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर पोर्ट झाकले जातात आणि दमट हवा आत फिरत नाही. वर सुती कापड टाका, प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा फ्लायव्हील हाताने दोन फेरे फिरवून पिस्टन परत वर आणून ठेवा.